रांजणातले कडू पाणी

मेहरूण, पौष वद्य ५, शके १८५२

सौ. वच्छलेस,

आशीर्वाद लिहावेत की नाहीत, या विचारात अर्धी शाई वाळली. ज्याच्या आशीर्वादाने पोटच्या मुलीचा वाङ्‌निश्चय मोडता मोडता राहिला, त्याचे आशीर्वाद पाकिटात घालून धुळ्याला धाडणे बरे नव्हे. ते इथेच राहू देत. पत्र आधी तुझे बंधुराज फोडतील. वकिलाच्या घरी बंद पाकीट बंद राहत नाही. तरी लीलाधररावांस नमस्कार, आणि पुढचे वाचू नये ही विनंती. वाचतीलच.

एरंडोलच्या घराला कुलूप घातले. पाठशाळेतल्या मुलांना सुट्टी दिली. त्यांनी कारण विचारले नाही, उलट इतक्या आनंदाने पाया पडली की माझ्या अध्यापनाविषयी जो काही भ्रम होता तो फिटला. सध्या मुक्काम जळगावाबाहेर मेहरूणच्या तळ्याकाठी, मारुतीच्या ओसरीवर. इथे नासीरमियाँ म्हणून एक म्हातारे हकीम आहेत. ते अफू सोडवतात. जळगावात ठेक्याच्या दुकानी अफू घ्यायला उभा असताना शेजारच्या माणसाने मला त्यांचे नाव सांगितले. तो स्वतः अफूच घेत होता. तेव्हा उपायाविषयी फार आशा बाळगू नये असे मी त्याच वेळी ठरवले.

तू निघताना टांग्याच्या पायरीवरून जे बोललीस ते मला पाठ आहे. सूत्रासारखे लहान आहे, भाष्य लागत नाही. "वैशाखात कन्यादानाचं पाणी मी घालायचं, ते तुमच्या ओंजळीतून सुंदाच्या हातावर पडायचं. त्या हातांनी गोळ्या वळत असाल तर माझं पाणी पडणार नाही. दादा बसेल." मीही तिथेच हातात पाणी घेऊन सुंदाची शपथ घेतली, की यापुढे गोळी तोंडात घालणार नाही. टांगेवाला साक्षीला होता. त्याचा घोडाही होता. घोड्याचा चेहरा मला अविश्वासाचा वाटला.

वाङ्‌निश्चयाला काय झाले ते तू जाणतेसच, पण मला लिहून काढले की बरे वाटते. संकल्प सांगता सांगता मुठीत अक्षता धरून मी झोपलो. व्याही म्हणाले, शास्त्रीबुवांची समाधी लागली. सगळी मंडळी हात जोडून बसून राहिली. तू एकटी उठून आत गेलीस.

आता उपाय ऐक. नासीरमियाँच्या पडवीत एक मोठा रांजण आहे. त्यात पहिल्या दिवशी अफूचे दाट पाणी केले. रोज संध्याकाळी प्रत्येकाने एक पेला प्यायचा, आणि जितके प्यालो तितके तळ्याचे स्वच्छ पाणी आपल्या हाताने रांजणात ओतायचे. रोज पाणी थोडे पातळ, रोज अफू थोडी कमी. फाल्गुनापर्यंत रांजणात नुसते पाणी राहील, आणि आपण सुटलो हे पिणाऱ्याला कळणारही नाही. युक्ती इतकी साधी आहे की ती आमच्या एखाद्या ग्रंथात कशी नाही याचे नवल वाटते.

आम्ही तिघे आहोत. एक हबीब पिंजारी, गादीचा कापूस पिंजतो. दुसरा चुडामण, आपल्याच एरंडोलकडचा शेतकरी. रात्री राखण करताना थंडी वाजते म्हणून याला अफूची सवय लागली. तिसरा मी, ज्याला संग्रहणीवर वैद्याने गोळी दिली. पोट थांबले, गोळी थांबली नाही.

सोवळ्याची काळजी नसावी. ते दोघे हकिमांच्या पत्र्याच्या मगाने पितात. मी आपला तांब्या आणला आहे, ज्याने तुझ्या वडिलांच्या घरी आपल्या हातांवर पाणी पडले तोच. रांजणातले पाणी मला वरून घालतात, आणि माझे माप मी त्याच तांब्याने तळ्यातून आणून वरूनच ओततो. ब्राह्मणाच्या तांब्याला धक्का लागू नये म्हणून हबीब दोन हात लांब सरकतो. रांजण एकच, पाणी एकच, तरी तो सरकतो आणि मी त्याला सरकू देतो. औषधाला सोवळे नसते हे शास्त्र मी सोयीपुरतेच मानले आहे.

उत्तर नाही दिलेस तरी चालेल.

तुझा (हा शब्द वैशाखापर्यंत उसना)
जीवराम

मेहरूण, माघ शुद्ध ११

सौ. वच्छलेस,

हे अक्षर माझेच आहे. मुंगळा शाईत पडून कागदावरून गेला असे वाटेल, पण मुंगळा इतका भटकत नाही. अफू शरीरातून निघू लागली की आधी हात सोडते. एरंडोलला गोळीला उशीर झाला की माझे अक्षर असेच व्हायचे, आणि ते ओळखणारी तू पहिली. तुला लिहायला मीच शिकवले. विद्या अशी उलटते.

डोळ्यांतून आणि नाकातून सारखे पाणी वाहते. जांभयांनी जबडा दुखतो. पायांची हाडे कोणी आतून किसत आहे असे वाटते. पोटाचे लिहीत नाही, लीलाधरराव जेवायला बसले असतील.

चुडामण भिंतीकडे तोंड करून पडतो. मोठा धिप्पाड माणूस, पण कण्हला तर घरच्यांना कळेल म्हणून कण्हत नाही. घरचे चार कोसांवर आहेत. हबीबचे उलट. तो बोलतच राहतो. काल म्हणाला, "शास्त्रीजी, तुम्हाला तुमचा देव ओसरीवर तरी झोपू देतो. मला सितारा अंगणातही येऊ देत नाही." सितारा म्हणजे त्याची बायको. मी म्हटले, आपल्या दोघांच्या बायकांची गाठ पडली तर त्या मिळून एक संस्थान चालवतील. तो हसला, मग हसता हसता रडला. या रोगात दोन्हींची वाट एकच आहे.

पण त्याच्या पिंजणीचा आवाज पूर्वीपेक्षा नीट येतो. मधेच तुटत नाही. आणि रांजणातले पाणी कमी कडू झाले आहे. हे मी तुला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. मला त्याची भीती वाटते म्हणून लिहितो. काल पेला प्यालो आणि काहीच आले नाही. आत कोणी रोज दिवा लावायचा, त्याने लावला नाही, आणि मी अंधारात त्याची वाट पाहत बसलो. बाकी दोघे खूश होते.

गावात दारूच्या दुकानापुढे स्वयंसेवक उभे असतात, गाणी म्हणतात, येणाऱ्याच्या पायां पडतात. अफूच्या दुकानापुढे कोणी नसते. आम्ही ओरडत नाही, बायकोला मारत नाही, गटारात पडत नाही. आमच्या पायां पडून कोणाला काय मिळणार?

सुंदाला सांग, तिचा बाप आजारी आहे आणि बरा होत आहे. दोन्ही खरे आहे.

जीवराम

मेहरूण, फाल्गुन शुद्ध ८

सौ. वच्छलेस,

अक्षर पाहिलेस? वेलांटीला वेलांटीचा आकार आला आहे. हे पत्र सुंदाला दाखवायला हरकत नाही. लीलाधररावांच्या कारकुनालाही दाखव, त्याला उपयोग होईल.

झोप येते. भूक लागते. परवा देवळात कोणी पुराण सांगा म्हणाले, तर घटकाभर सांगितले आणि मधे झोपलो नाही. श्रोते मात्र झोपले. इतकी वर्षे आमचे काम उलटे चालले होते.

एक गंमत सांगायची राहिली. हकिमांच्या हिशेबाने रांजणात आता अफू उरायला नको. पण चुडामणच्या जिभेला तसे वाटत नाही. काल तो पेला खाली ठेवून म्हणाला, "हकीमसाब, पानी आजून कडूच शे."

नासीरमियाँनी दाढीवरून हात फिरवला. त्यांच्या बापाने याच रांजणावर माणसे सोडवली, त्यांनी स्वतः सोडवली. ते म्हणाले, "कडवापन अब पानी में नहीं बेटा, ज़बान में है. थोड़े दिन रहेगा."

चुडामणने माझ्याकडे पाहिले. शिकलेला म्हणून. मी मान डोलावली आणि इंद्रियांना जुन्या संस्काराचा भास कसा होतो यावर संस्कृतात एक वाक्य जागच्या जागी रचून म्हटले. त्याला ते लगेच पटले. संस्कृताचा हा मोठाच गुण आहे, कळले नाही की पटते.

गहू कापणीला आला आहे, म्हणून तो उद्या घरी जातो. हकिमांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की तू सुटलास, तू आता नुसते पाणी पितोस. इतका मोठा माणूस, कमरेत वाकून दोघांच्या पाया पडला. माझ्याही. मला पाय मागे घ्यायला सुचले नाही.

हबीब अजून काही दिवस येईल म्हणतो. त्याला घरी जायची घाई नाही, सितारा आता अंगणापर्यंतच येऊ देते.

होळीला पुरण केलेस तर मला काय, असे मनात म्हण आणि थोडे जास्त कर.

जीवराम

मेहरूण, चैत्र शुद्ध ३, शके १८५३

सौ. वच्छलेस,

तुझे कार्ड आले. तीन ओळी आहेत. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की मारुतीचा गुरव मला विचारू लागला, कोणते स्तोत्र आहे.

"अक्षर पाहिले. दादा म्हणतो, तुम्हीच बसावे. येताना आपला तांब्या आणावा, त्यानेच पाणी घालीन." पत्राला मायना नाही, खाली नाव नाही. तरी वकिलाच्या बहिणीने लिहिलेला इतका स्पष्ट निकाल मी दुसरा पाहिला नाही.

सुंदाच्या सासऱ्यांना सांग, या खेपेस समाधी लागणार नाही.

तांब्याचे मात्र पाहू. तो आता जुना झाला आहे. तिथे धुळ्याला चांगले तांब्याचे काम मिळते. लीलाधररावांना एक नवा घ्यायला सांगितलेस तर बरे. मुलीचे लग्न, नवे भांडे शोभून दिसेल.

चुडामणचा अजून काही निरोप नाही. कापणीत असेल.

जीवराम

मेहरूण, चैत्र वद्य १०

वच्छले,

अक्षर पुन्हा बिघडले आहे, लावून वाच. लीलाधररावांनी वाचले तरी आता माझी तक्रार नाही.

चुडामण गेला. महिना होऊन गेला, आम्हाला आज कळले. शेतात नाही, घरातच, खाटेवर. आज दुपारी त्याची बायको ताईबाई चालत मेहरूणला आली. आम्ही पडवीत होतो, नासीरमियाँ, हबीब आणि मी. ती पायरीवर बसली. पाणी दिले, ते घेतले नाही. मग तिने सांगितले.

घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचे पोट सुटले, हातपाय वळू लागले, डोळे नाक वाहू लागले. घरच्यांना वाटले पटकी. त्याला वाटले नाही. त्याला ओळखीचे होते ते. पण ते असणार कसे, तो तर सुटला होता. हकिमांनी डोक्यावर हात ठेवून सांगितले होते, शास्त्रीबाबांनी मंत्र म्हटला होता. मी म्हटलेल्या त्या वाक्याला तो मंत्र समजला. गावभर सांगून बसला होता की मी आता नुसते पाणी पितो. म्हणून अफू घे म्हटले तरी घेईना. म्हणायचा, हा दुसराच रोग आहे. शेवटी त्याच्या चुलत्याला बघवेना. त्याने पूर्वीची पुरती गोळी, आणि तेवढ्याने दुखणे जाईना म्हणून आणखी एक, दुधात कालवून त्याला नकळत पाजली. चुडामण शांत झोपला. घरातल्या सगळ्यांनाच बरे वाटले. सकाळी तो उठला नाही.

ताईबाई रडत नव्हती. ती हकिमांना म्हणाली, "तो म्हने, मी निस्तं पानी पेस. मंग पानी सोडं तं मानूस मरस का?"

नासीरमियाँ उठले, रांजणाजवळ गेले, मगभर पाणी काढले आणि स्वतः प्याले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी चाखले नव्हते. तोंड कडू झालेले दिसले. वळले तेव्हा तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "बेटी, मेरा ही अंदाज़ा चूका." आणि काठीने रांजण फोडला. एवढा दणकट रांजण, पण एका फटक्यात गेला. पाणी पायरीवरून खाली आले तसे तिने पाय वर घेतले.

त्यांचा अंदाज चुकला नव्हता, वच्छले.

मी शपथ काय घेतली ते आठव. गोळी तोंडात घालणार नाही. घातली नाही. सुंदाची शपथ आहे, आजपर्यंत एकही घातली नाही. माघात रांजण पातळ झाला आणि आत दिवा लागेना, तेव्हा मी दुकानात गेलो, गोळ्या घेतल्या आणि त्या तांब्यात टाकल्या. तळ्याकाठी बसून बोटाने विरघळवल्या. मग सर्वांच्या देखत, वरून, धार न तोडता, माझे माप रांजणात ओतले. शपथ शाबूत. रांजणातले ते औषध, माझे नव्हे, असेही मी मनाला समजावले. पुढे रोजच ओतले. शपथेतून वाट काढायला फार विद्या लागते, ती माझ्याजवळ होती.

त्या दोघांचा मग साऱ्यांच्या डोळ्यांपुढे भरला जायचा. हकीम त्यात डोकावून पाहायचे, हबीबच्या मुठीसुद्धा उघडून पाहायचे. माझ्या तांब्याकडे कोणी वाकले नाही. कसे वाकणार? मी येताना दिसलो की हबीब बिचारा दोन हात मागे सरे. शिवू नये म्हणून जो तांब्या सोवळा ठेवला, तोच.

आणि चुडामणला बरे व्हायचे होते. त्याच्या जिभेने खरे सांगितले, मी तिला खोटे पाडले.

ताईबाई गेल्यावर हबीबने फुटक्या रांजणाची एक खापरी उचलून पाहिली. मग म्हणाला, "शास्त्रीजी, इतना पानी मिला के भी मेरी नहीं छूटी, तो बीमारी अफीम की नहीं. मैं ही ऐसा हूँ." तो उठला आणि गावातल्या दुकानाच्या दिशेने चालू लागला. त्याचे घर तळ्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. एका शब्दाने मी त्याला परत बोलावू शकलो असतो. तुझ्यात काही खोट नाही रे, पाण्यात होती, एवढाच शब्द. मी तांब्या घासत बसलो.

कालपासून मी काही घेतले नाही. ताईबाई येण्याआधीच ठरवले होते की वैशाखापुरते तरी खरोखर कोरडे राहून यावे, तुझे पाणी खोट्या हातांवर घेऊ नये. म्हणून हे अक्षर. आता जे काय लिहिता येते ते याच हाताने.

तेव्हा लीलाधररावांना बसू दे. वाईट दिसेल, पण व्याह्यांना काय सांगायचे ते वकिलाला सांगावे लागत नाही. सुंदाला म्हणावे, बापाने नाही म्हटले नाही, त्याला येता आले नाही. तांब्या मी पाठवणार नाही. तू तो घासशील, चिंच लावून लख्ख करशील आणि घेशील, म्हणून पाठवणार नाही.

हे एवढे मी तुला लिहिले, कारण तू धुळ्याला आहेस. नासीरमियाँ हाकेच्या अंतरावर आहेत, पडवीत एकटेच खापऱ्या गोळा करत असतील, आणि त्यांना वाटते आहे की त्यांच्या बापाची विद्या खोटी होती. त्यांना सांगायला हवे. हबीबलाही. सांगितले तर कदाचित म्हातारा दुसरा रांजण मांडेल. मला नाही घेणार त्यात, घेऊही नये, पण हबीबला घेईल. कागद इथेच ठेवतो आणि जाऊन येतो.

आलो.

पुढे फारसे लिहायचे नाही. सुंदाच्या लग्नाला पाऊस नको एवढेच मागतो, वैशाखात तो भलत्याच वेळी येतो. दाराशी आंब्याची डहाळी मोठी बांधा. वरण थोडे सैल ठेव, तिच्या सासऱ्यांना दात नाहीत.

हे पत्र इथे संपवतो. आधीचे कागद आणि हा शेवटचा कागद शेजारी ठेवून बघ. या कागदावर वेलांट्या कशा नीट आल्या आहेत, एकही ओळ वाकलेली नाही. मधे मी तांब्या घेऊन उठलो होतो. नासीरमियाँकडे जातो म्हणून उठलो होतो.

जीवराम